आरव्हीचं विंटरायझिंग: पाणी कुठे कुठे अडून बसतं

आरव्ही म्हणजे आत राहता येईल अशी प्रवासाची गाडी, आणि विंटरायझिंग म्हणजे हिवाळ्यात तिच्यातलं पाणी गोठून काही फुटू नये म्हणून करायची तयारी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाईप फुटतो तो बर्फ जिथे झालाय तिथेच असं नाही. पाईपात एके ठिकाणी बर्फाचं बूच बसतं, ते वाढतं आणि पुढच्या पाण्याला ढकलायला लागतं. पुढचा नळ बंद असेल तर त्या पाण्याला जायला वाट नसते. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे दाब झपाट्याने चढतो आणि त्या टप्प्यातला सगळ्यात नाजूक भाग तडकतो. हल्लीच्या आरव्हींमध्ये अर्ध्या इंचाचा पेक्स (लवचीक प्लास्टिकचा) पाईप असतो. तो थोडा ताणला जातो, म्हणून बहुतेक वेळा वाचतो. जीव जातो तो बाकीच्यांचा: प्लास्टिकचे एल्बो, नळाच्या आतली काट्रिज, टॉयलेटमागचा पाण्याचा व्हॉल्व्ह, पंपाचं डोकं, फिल्टरचा डबा, बाहेरच्या शॉवरचे नळ.

तडा हिवाळ्यात दिसतही नाही, कारण तेव्हा तिथे बर्फ असतो. एप्रिल-मेमध्ये पंप सुरू केला की भिंतीमागे पाणी झिरपायला लागतं, आणि फरशीखालची प्लाय फुगेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. गोठून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, विमा कंपन्याही अनेकदा हात वर करतात.

तेव्हा या कामाचा उद्देश एकच: बंद जागेत पाणी अडकून राहू द्यायचं नाही. गुलाबी अँटीफ्रीझ (गोठून कडक न होणारं द्रव) भरणं ही त्यातली शेवटची पायरी. अनेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि म्हणून फसतात.

कधी करायचं

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, अल्बर्टा या भागांत सप्टेंबर संपता संपता तयारी हवी. टोरांटो, शिकागो, डेट्रॉइटकडे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि न्यू जर्सीकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काम उरकलेलं बरं. दिवाळी कधी लवकर येते, कधी उशिरा, त्यामुळे ‘दिवाळीनंतर बघू’ हा हिशेब इथे चालत नाही. हवामानाचा अंदाज बघा. पारा एखाद्या रात्री शून्याला स्पर्श करून वर आला तर बहुधा काही होत नाही. पण उणे ४-५ अंश सेल्सियस तापमान चार-सहा तास टिकणार असेल तर धोका खरा आहे. आरव्हीच्या भिंती पातळ, आणि बरेचसे पाईप जमिनीलगत किंवा बाहेरच्या कप्प्यांतून गेलेले. घराच्या पाईपांचा अंदाज इथे लावू नका.

आणायचं सामान फार नाही. आरव्हीचं अँटीफ्रीझ २ ते ३ गॅलन, म्हणजे साडेसात ते साडेअकरा लिटर. वॉशिंग मशीन असेल तर आणखी एक गॅलन. पंपाला जोडायची सक्शन नळी, वॉटर हीटरच्या प्लगचा सॉकेट पाना, टेफ्लॉन टेप, आणि हवेने पाणी काढायचं असेल तर कॉम्प्रेसर व ब्लो-आउट प्लग (कॉम्प्रेसरची नळी गाडीच्या पाण्याच्या तोंडाला जोडणारा).

अँटीफ्रीझ कुठलं, हे नीट बघा. आरव्हीसाठीचं अँटीफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, बहुतेक गुलाबी. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते एथिलीन ग्लायकॉलचं; ते विषारी आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या लाईनमध्ये त्याचा एक थेंबही जाता कामा नये. दुकानात एथेनॉल मिसळलेलं स्वस्त अँटीफ्रीझही मिळतं. त्याला आग लागू शकते आणि रबरी सील त्याने कोरडे पडतात. डबा उलटा करून घटक वाचा, दोन डॉलर जास्त गेले तरी शुद्ध प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच घ्या.

डब्यावर ‘उणे ५०’ लिहिलेलं असतं. ते फॅरनहाइटमधलं, म्हणजे साधारण उणे ४६ सेल्सियस, आणि तो गोठण्याचा आकडा नाही; तिथपर्यंत पाईप फुटणार नाही, एवढीच त्याची हमी. प्रत्यक्षात हे द्रव उणे १० ते १३ सेल्सियसच्या आसपासच घट्ट होऊ लागतं. पण त्याची दगडासारखी लादी होत नाही. गोळ्यावर सरबत ओतल्यावर जसा भुसभुशीत लगदा होतो तसं ते राहतं, स्फटिकांच्या मधलं द्रव सरकत राहतं आणि दाब साठत नाही. हा सगळा हिशेब ते पातळ झालं नसेल तरच खरा. पाईपात आधीचं पाणी राहिलं आणि त्यात अँटीफ्रीझ मिसळलं की हा आकडा झपाट्याने शून्याकडे सरकतो. म्हणून आधी पाणी काढायचं, मग गुलाबी भरायचं. ताज्या पाण्याच्या टाकीत अँटीफ्रीझ ओतून पंपाने फिरवायचा जो शॉर्टकट सुचवला जातो, तो याच कारणाने वाईट: टाकीच्या तळाशी पाणी उरलेलंच असतं, मिश्रण पातळ होतं, आणि डब्यामागून डबे संपतात.

रिकामं करणं

सुरुवात मैल्याच्या टाकीपासून. डम्प स्टेशनवर (मैला-सांडपाणी सोडायच्या जागी) आधी ब्लॅक टाकी (टॉयलेटची), मग ग्रे (बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची). हा क्रम ठेवला की ग्रेचं साबणाचं पाणी जाता जाता नळी धुऊन काढतं. ब्लॅक टाकी नीट खळबळून घ्या; तळाला राहिलेला गाळ हिवाळाभर वाळून सेन्सरना चिकटतो.

मग ताज्या पाण्याच्या टाकीचा ड्रेन उघडा. त्यानंतर लो-पॉइंट ड्रेन, म्हणजे लाईनमध्ये सगळ्यात खाली असलेल्या दोन तोट्या. बहुतेक गाड्यांच्या पोटाखाली एक लाल (गरम पाण्याची) आणि एक निळी (गार पाण्याची) नळी लोंबत असते. त्या उघडून गाडीतले सगळे नळ उघडे ठेवा, नाहीतर आत हवा शिरत नाही आणि पाणी अर्ध्यावर थांबतं. फिल्टरची काडतुसं काढून फेका, डबा पुसून परत लावा. पाणी यायचं थांबलं की पंप १५-२० सेकंद कोरडा चालवा. आरव्हीचे डायफ्रामवाले पंप एवढा वेळ कोरडे चालले तर बिघडत नाहीत, आणि टाकीपासून पंपापर्यंतचं पाणी त्याशिवाय निघत नाही.

वॉटर हीटरवर इथे जरा थांबूया, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. त्याचा गॅसही बंद करायचा आणि विजेचा स्विचही. टाकी रिकामी असताना हीटिंग एलिमेंट चालू राहिलं तर ते काही सेकंदांत जळतं. अनेक मॉडेलांत दोन स्विच असतात, एक आत पॅनेलवर आणि एक बाहेर हीटरच्या दाराआड खाली कोपऱ्यात. दोन्ही बंद आहेत ना, बघा. ब्रेकर पाडून त्यावर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. वसंतात तोच आठवण करून देतो.

पाणी पूर्ण गार होऊ द्या, काही तास लागतात. मग बाहेरचा पाणीपुरवठा आणि पंप बंद करून एक गरम पाण्याचा नळ उघडा, दाब उतरू द्या. एवढं झाल्यावरच ड्रेनचा प्लग सोडवा, आणि सोडवताना त्याच्या समोर उभं राहू नका. सबर्बन कंपनीच्या हीटरमध्ये प्लगला जोडूनच ऍनोडची कांडी असते. त्याला १ १/१६ इंची सॉकेट लागतो. आतली टाकी पोलादाची, काचेचा लेप दिलेली. पाण्यातली गंज आणणारी रासायनिक क्रिया टाकीऐवजी या कांडीला खाते. कांडी तीन चतुर्थांश झिजली असेल, आतली तार दिसत असेल, तर नवी आणा. अ‍ॅटवूडच्या (आता डोमेटिकच्या) हीटरची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते, त्यात ऍनोड नसतो, आणि प्लग नायलॉनचा असतो. तो मुद्दाम मऊ ठेवलेला आहे, म्हणजे खराब झाले तर प्लगचे आटे होतील, टाकीचे नाही. तिथे ‘मजबूत’ म्हणून पितळी प्लग बसवू नका.

प्लग काढून वरच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची तार उचललीत की पाणी जोरात निघतं. सोबत पांढरे खडे येतात, तो पाण्यातला क्षार. ड्रेनचं भोक तळापासून थोडं वर असल्यामुळे आत एक-दोन लिटर पाणी उरतंच. त्याची काळजी नको, वर एवढी मोकळी जागा असताना ते गोठलं तरी कुठे दाब देणार?

आता बायपास. हीटरच्या मागच्या बाजूला, बहुधा पलंगाखाली किंवा कपाटाच्या फळीमागे, पाईपांवर एक, दोन किंवा तीन व्हॉल्व्ह असतात. तीन असतील तर गार पाण्याचा इनलेट बंद, गरम पाण्याचा आउटलेट बंद, आणि दोघांना जोडणाऱ्या मधल्या पाईपाचा उघडा. मग अँटीफ्रीझ हीटरला वळसा घालून गारच्या लाईनमधून गरमच्या लाईनमध्ये जातं. हे विसरलात तर ६ किंवा १० गॅलनची टाकी आधी सगळं अँटीफ्रीझ पिऊन टाकते आणि गरम नळाला गुलाबी थेंब येत नाही. एकच व्हॉल्व्ह असलेल्या रचनेत गरमच्या बाजूला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो आणि तो कधी कधी अडकतो. ड्रेनच्या भोकातून गुलाबी टपकायला लागलं तर समजा, तो गेला. ट्रूमा, गिरार्डसारख्या टाकी नसलेल्या हीटरची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. त्यांना हा सगळा मजकूर लागू नाही, त्यांचं मॅन्युअल उघडा.

हवा की अँटीफ्रीझ?

आमचं मत: दोन्ही, आधी हवा आणि मग अँटीफ्रीझ. हवेने पाणी हटलं की अँटीफ्रीझ कमी लागतं आणि पातळ होत नाही. फक्त हवेवर भागवणारेही बरेच आहेत, पण पाईपाच्या सखल वळणात आणि व्हॉल्व्हच्या पोटात जे थेंब उरतात ते जमून एका जागी येतात.

हवेसाठी ब्लो-आउट प्लग सिटी वॉटरच्या तोंडाला (बाहेरच्या नळाची नळी जोडतात तिथे) लावा. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर ४० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर नको, ३० असला तरी चालतो. दाब वाढवून काही साधत नाही, फिटिंग निखळतात. पाणी निघतं ते हवेच्या प्रवाहाने. टायरला हवा भरायचा छोटा पंप म्हणूनच कमी पडतो. लो-पॉइंट ड्रेन बंद करा आणि एका वेळी एकच तोटी उघडा: स्वयंपाकघर गरम, मग गार, बेसिन, शॉवर, टॉयलेटचं पेडल, बाहेरचा शॉवर. नळातून नुसता फुसफुसणारा ओलसर वारा येऊ लागला की पुढच्याकडे. सगळं झाल्यावर पुन्हा एक फेरी मारा, दुसऱ्या फेरीतही पाणी निघतंच.

आता पंप. सिटी वॉटरकडून दिलेली हवा पंपातून मागे जात नाही, कारण पंपाच्या आतला चेक व्हॉल्व्ह तिला अडवतो. म्हणजे हवेचं काम कितीही चोख केलं तरी पंपाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी असलेली गाळणीची पारदर्शक वाटी ओलीच राहते. वाटी फिरवून काढा, जाळीतला प्लास्टिकचा भुसा झटका, पाणी ओता, परत बसवा. मग पंपाआधीचा तिहेरी व्हॉल्व्ह ‘विंटरायझिंग’कडे वळवून सक्शन नळी अँटीफ्रीझच्या डब्यात सोडा. व्हॉल्व्ह नसेल तर पंपाच्या इनलेटची नळी सोडवून तिथे दुसरी लावा. बाहेर नॉटिलससारखं, पाण्याचे व्हॉल्व्ह एका जागी असलेलं पॅनेल असेल तर त्यावरच्या चित्राप्रमाणे मुठी फिरवल्या की झालं.

पंप चालू करा. पंपाला सगळ्यात जवळच्या नळापासून लांबच्याकडे जायचं, प्रत्येक ठिकाणी आधी गार, मग गरम. फिकट गुलाबी आलं म्हणून बंद करू नका. ते पाणी मिसळलेलं आहे. डब्यातल्या रंगाइतकं गडद येईपर्यंत थांबा. टॉयलेटचं पेडल दाबून थोडं वाहू द्या आणि भांड्यात दोन-तीन कप राहू द्या, म्हणजे रबरी सील सुकत नाही. डब्यावर लक्ष ठेवा, तो संपला की पंप हवा ओढतो.

जे हमखास विसरतं

गाडीतले सगळे नळ गुलाबी झाले की काम झाल्यासारखं वाटतं. फुटतं ते मात्र बहुधा पुढच्या जागांपैकी एखादं.

बाहेरचा शॉवर. त्याला गरम आणि गार असे दोन स्वतंत्र नळ, आणि दोन्ही बाहेरच्या पातळ पत्र्याच्या डब्यात, म्हणजे सगळ्यात आधी गार पडणाऱ्या जागी. दोन्ही उघडून गुलाबी आणा, हँडशॉवर काढून नळी झटका. टॉयलेटशेजारी लावलेला हँडस्प्रे, म्हणजे आपल्याकडचा जेट, हाही तसाच. तो बहुधा मालकाने नंतर बसवलेला असतो, म्हणून कंपनीच्या यादीत त्याचं नाव नसतं.

सिटी वॉटरचं तोंड. पंप जे अँटीफ्रीझ ढकलतो ते या फाट्याच्या शेवटापर्यंत पोचतं खरं, पण तिथे चेक व्हॉल्व्ह असल्यामुळे आतलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. बाहेरून पाहिलं तर तोंडात बारीक जाळी दिसेल. तिचा मधला दांडा चिमट्याने धरून ओढा. मागे प्लास्टिकची छोटी गोल चकती आहे, मध्ये एक टोक वर आलेलं. पंप बंद करा, आतला नळ किंचित उघडून दाब जवळजवळ उतरवा, मग ते टोक स्क्रूड्रायव्हरने अलगद आत दाबा. आधी साधं पाणी, मागून गुलाबी फवारा येईल. पूर्ण दाब असताना दाबलं तर आतली ओ-रिंग जागेवरून सुटते आणि बऱ्याचदा अख्खं तोंड बदलायची पाळी येते.

ब्लॅक टाकी धुण्याची लाईन. ‘ब्लॅक टँक फ्लश’ लिहिलेलं वेगळं तोंड असतं. ही लाईन बाकी पाण्याच्या जाळ्याशी जोडलेलीच नसते, त्यामुळे पंपाचं अँटीफ्रीझ तिथे कधीच जात नाही. लाईन भिंतीतून वर चढते, बेसिनखाली किंवा शॉवरच्या भिंतीमागे एका व्हॅक्यूम ब्रेकरमधून (घाण पाणी मागे ओढलं जाऊ न देणारा भाग) वळते आणि टाकीत उतरते. तो ब्रेकर प्लास्टिकचा. त्यात पाणी गोठलं तर वसंतात टाकी धुताना पाणी टाकीत जायच्या आधी भिंतीत पडतं. उपाय हवेचाच: ३० पीएसआयने १५-२० सेकंद, दोन-तीनदा. तेवढा वेळ ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, म्हणजे टाकीत हवा कोंडत नाही.

बर्फ बनवणारा फ्रिज आणि वॉशिंग मशीन. फ्रिजच्या मागे पाण्याची बारीक नळी आणि विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. लाईन बंद करून नळी सोडवा आणि रिकामी करा. मशीनला एकदा गरम आणि एकदा गार पाणी घेऊ द्या, ड्रममध्ये गुलाबी दिसलं की पाणी काढायचा प्रोग्राम लावा. म्हणजे दोन्ही इनलेट आणि तळाचा ड्रेन पंप, तिन्ही सुरक्षित.

सांडपाण्याच्या बाजूला काम थोडं आहे. प्रत्येक बेसिन आणि शॉवरच्या भोकात एक ते दोन कप अँटीफ्रीझ ओता, खालच्या वळणातलं पाणी हटतं. काही नव्या गाड्यांत वळणाऐवजी हेपव्हो नावाचा सरळ रबरी व्हॉल्व्ह असतो, त्यात पाणी साचत नाही, तिथे गरज नाही. ग्रे आणि ब्लॅक दोन्ही टाक्यांत एकेक लिटर जाऊ द्या, कारण तळाच्या सरकत्या व्हॉल्व्हपाशी उरलेलं पाणी गोठलं तर त्याचे सील फाटतात.

डिसेंबरात थंडीतून फ्लोरिडा किंवा टेक्सासकडे निघणार असाल तर गाडी विंटराइझ केलेलीच ठेवा. प्यायला आणि स्वयंपाकाला पाण्याचे कॅन, टॉयलेटला डब्यातलं अँटीफ्रीझ. हिवाळी कपड्यांबरोबर दोन जादा गॅलन ठेवले की तेवढी वाट सुखाने कटते.

वसंतात परत पाणी भरताना

सगळे नळ उघडून ताज्या पाण्याने लाईन धुवा. ग्लायकॉलला फेस येतो, तो थांबेपर्यंत वाहू द्या. ते पाणी ग्रे टाकीत साठवून डम्प स्टेशनवर सोडा, अंगणात नको. हीटर अजून बायपासमध्येच ठेवा, नाहीतर टाकीत गुलाबी जाऊन महिनाभर पाण्याला गोडसर चव राहते. लाईन स्वच्छ झाली की प्लगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून तो बसवा, तिन्ही व्हॉल्व्ह मूळ जागी फिरवा आणि गरम नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरू द्या. ब्रेकरवरची टेप त्यानंतर काढायची. वसंतात ‘गरम पाणीच येत नाही’ म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावतात, तेव्हा बऱ्याचदा बायपास तसाच राहिलेला असतो.

मग निर्जंतुकीकरण. ताज्या पाण्याच्या टाकीच्या प्रत्येक १५ गॅलनला (साधारण ५७ लिटर) पाव कप बिनवासाचं साधं ब्लीच, आधी बादलीभर पाण्यात कालवून. टाकी पूर्ण भरा, प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी आणा, किमान चार तास तसंच राहू द्या, आणि वास जाईपर्यंत धुवा. फिल्टरची नवी काडतुसं त्यानंतरच.

शेवटी सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा. दाब चढला की तो आपोआप थांबतो, आणि पुढचा अर्धा तास त्याने गप्प राहायला हवं. मधूनच दोन सेकंद घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, तर कुठेतरी दाब निसटतोय. टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घ्या आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू फिरवा: आधी टॉयलेटमागे, मग बाहेरच्या शॉवरच्या डब्यात, मग हीटरच्या मागे. टिश्यू कुठेच ओला होत नसेल तर बहुधा पंपाचा आतला चेक व्हॉल्व्ह पाणी टाकीकडे परत सोडत असतो. हे ओळखायला पंप बंद करून सिटी वॉटर जोडा, पुरवठा चालूच ठेवून अर्धा तास थांबा आणि ताज्या पाण्याच्या टाकीची पातळी वाढली का बघा. वाढली असेल तर भिंत उघडायची गरज नाही, पंपाचं डोकं बदललं की भागतं.